पहाऱ्यावरचा माणूस

तुरुंगाच्या गोष्टी सगळ्यांनाच आवडतात. पण त्या गोष्टींत तुरुंगाधिकाऱ्याला सहसा धड जागा मिळत नाही. कैदी नायक असतो, नाहीतर खलनायक. मधे उभा असलेला, किल्ल्या सांभाळणारा माणूस एक तर क्रूर रंगवला जातो किंवा हास्यास्पद. 'शोले' (१९७५) मधला जेलर आठवून पाहा. दोन चोर त्याला बनवून निघून जातात आणि सारे थिएटर चोरांच्या बाजूने हसते. आम्हीही हसलो आहोत. त्या रात्री जेलरच्या घरी काय झाले असेल, त्याची नोकरी राहिली की गेली, हा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही.

आपल्या भाषेतल्या शब्दांचीही गंमतच आहे. 'कैद' अरबीतून आला, 'जेल' इंग्रजीतून, आणि 'तुरुंग' पोर्तुगीजांकडून आला असे जाणकार म्हणतात. 'बंदिशाळा' हा जुना शब्द पोथ्यांत राहिला. माणसाला कोंडण्यासाठी इतके शब्द आपण गोळा केले, पण कोंडलेल्या माणसावर नजर ठेवणाऱ्याबद्दल विचार करायला मात्र फारसे बसलो नाही. या लेखात आम्ही तो विचार करू पाहतो. त्यासाठी उदाहरण दूरचे घेतले आहे, अमेरिकेतले, सव्वाशे वर्षांहूनही जुने. जवळच्या उदाहरणात आपली बाजू आधीच ठरलेली असते. दूरच्यात निदान ती ठरवावी लागते.

न्यू मेक्सिको हा प्रदेश १९१२ साली अमेरिकेचे राज्य झाला. त्यापूर्वी तो सरहद्दीचा मुलूख होता. कायदा पोचला होता, पण पुरता बसला नव्हता. तिथे लिंकन नावाचे एका रस्त्याचे गाव आहे. १८७८ साली त्या परगण्यात दोन व्यापारी गटांत लढाई जुंपली. एका बाजूला मर्फी आणि डोलन यांची जुनी पेढी, दुसऱ्या बाजूला टन्स्टॉल नावाचा तरुण इंग्रज. फेब्रुवारीत टन्स्टॉल मारला गेला. १ एप्रिल रोजी टन्स्टॉलच्या माणसांनी शेरीफ विल्यम ब्रेडी याला लिंकनच्या भर रस्त्यात गोळ्या घातल्या. गोळ्या घालणाऱ्यांत एक पोरगेलासा मुलगा होता. त्याचे खरे नाव हेन्री मॅकार्टी, तो स्वतःला विल्यम बॉनी म्हणवून घेई आणि जग त्याला 'बिली द किड' म्हणून ओळखते.

त्या लढाईत दोन्ही बाजूंनी पुष्कळ खून झाले. शिक्षा मात्र एकट्या बिलीला झाली. एप्रिल १८८१ मध्ये मेसिला येथे न्यायमूर्ती ब्रिस्टल यांनी त्याला फाशी सुनावली. तारीख ठरली १३ मे. फाशी लिंकनमध्येच व्हायची होती, म्हणून त्याला तिथे आणून ठेवले. आता गंमत अशी की लिंकनमध्ये असा कैदी ठेवण्याजोगा तुरुंगच नव्हता. परगण्याने मर्फीची जुनी दुमजली इमारत कचेरीसाठी घेतली होती. तिच्या वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत, हातापायांत बेड्या घालून, बिलीला ठेवण्यात आले. शेरीफ होता पॅट गॅरेट. त्याने दोन माणसे पहाऱ्यावर नेमली. एक रॉबर्ट ओलिंजर, दुसरा जेम्स बेल.

हे दोघे म्हणजे जणू कोणी मुद्दाम निवडलेली दोन उत्तरे होती. ओलिंजर धिप्पाड आणि तोंडाळ. लिंकनच्या लढाईत तो बिलीच्या विरुद्ध बाजूचा होता. कैद्याला डिवचण्यात त्याला मजा वाटे. दुनळी बंदुकीत छर्रे भरताना तो बिलीला दाखवून भरी आणि हे ज्याला लागतील त्याचे काय होईल ते ऐकवी, असे सांगतात. बेलचा स्वभाव वेगळा होता. खरे तर राग धरायला त्याच्याकडे अधिक मोठे कारण होते. कार्लाईल नावाचा त्याचा मित्र काही महिन्यांपूर्वीच, नोव्हेंबर १८८० मध्ये, बिलीच्या टोळीला वेढा घातला असता मारला गेला होता. तरीही बेलने कैद्याला कधी अपशब्द वापरला नाही. गॅरेटने पुढे १८८२ साली पुस्तक लिहिले. त्यात तो सांगतो की ओलिंजर आणि बिली एकमेकांचा द्वेष करीत, पण बेलबद्दल बिलीच्या मनात आदर दिसे.

२८ एप्रिल १८८१. गॅरेट कराची वसुली करण्यासाठी व्हाईट ओक्स या गावी गेलेला. संध्याकाळी ओलिंजर इतर पाच कैद्यांना घेऊन रस्त्यापलीकडच्या वॉर्टली हॉटेलात जेवायला गेला. वर राहिले बेल आणि बिली. बिलीने संडासला जायचे आहे म्हणून सांगितले. संडास मागच्या आवारात होता. बेलने त्याला खाली नेले. परत येताना जिन्यावर काय घडले ते पाहणारा तिसरा कोणी नव्हता. एक म्हणणे असे की, मनगट जाड आणि पंजा लहान असल्यामुळे बिलीने हातकडीतून हात सोडवून घेतला, तीच हातकडी बेलच्या डोक्यात घातली आणि त्याचे पिस्तूल खेचले. दुसरे म्हणणे असे की, कोणीतरी संडासात पिस्तूल लपवून ठेवले होते. काही असो, बेलला गोळी लागली. तो मागच्या दाराने आवारात आला. तिथे गॉडफ्री गाऊस नावाचा म्हातारा जर्मन काम करीत होता. गाऊसच्या सांगण्याप्रमाणे बेल धावत थेट त्याच्या हातांत आला आणि त्याच क्षणी मेला.

बिलीने वरच्या खोलीतून ओलिंजरचीच बंदूक घेतली आणि तो खिडकीत उभा राहिला. आवाज ऐकून ओलिंजर रस्ता ओलांडून आला. सकाळी त्याने स्वतः भरलेले छर्रे त्यालाच लागले.

आता पहिला प्रश्न. बेल आपल्या भलेपणामुळे मेला काय?

पुष्कळांचे उत्तर 'होय' असेच असते. कैद्याशी माणुसकीने वागला, त्याला पुढे जाऊ दिले, नजर ढिली ठेवली आणि जीव गमावला. म्हणून पहारेकऱ्याने दगड व्हावे. हे उत्तर ऐकायला व्यवहारी वाटते. आम्हाला ते मान्य नाही, आणि मान्य नसण्याचे कारण भाबडेपणाचे नाही. दगड झालेला ओलिंजरही त्याच संध्याकाळी, काही मिनिटांच्या अंतराने मेला. नरमीने बेलला वाचवले नाही हे खरे. पण कठोरपणाने ओलिंजरलाही वाचवले नाही. उलट, छर्ऱ्यांची धमकी देणाऱ्या माणसाची बंदूक कोणत्या खोलीत असते हे कैद्याला ठाऊक झाले, एवढीच त्या धमक्यांची कमाई.

मग काय चुकले? कचेरीला तुरुंग मानले गेले, हे चुकले. फाशीचा कैदी ज्या मजल्यावर, त्याच मजल्यावर हत्यारे. दोन पहारेकरी, त्यातला एक पाच जणांना घेऊन जेवायला गेलेला. अधिकारी परगावी. या सगळ्याला आमच्या उर्दूत 'गफलत' म्हणतात, मराठीतही म्हणतात. गफलत आणि नरमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि जगात त्यांची सतत गल्लत होते. आम्ही शिक्षकीपेशातले लोक हे रोज पाहतो. परीक्षेच्या वर्गात दप्तरे बाहेर ठेवायला लावणे, बाके लांब करणे, दर पाच मिनिटांनी फेरी मारणे ही दक्षता झाली. पोरांवर ओरडणे ही दक्षता नव्हे. एखादे सर वर्गात शिरताच दोघांना कान धरून उभे करतात आणि मग खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचतात. त्यांच्या वर्गात सर्वांत जास्त कॉपी होते. ज्या बाई मुलाला पाणी प्यायला सोडतात पण दारापर्यंत त्याच्यासोबत जातात, त्यांच्या वर्गात होत नाही. पाण्याला सोडणे चुकीचे नाही. सोबत कमी पडली तर ते चुकते.

बेलने कैद्याला संडासला नेले हा त्याचा उपकार नव्हता, ते त्याचे कामच होते. फाशीची तारीख ठरली म्हणून माणसाची लघवी थांबत नाही. ज्याला पंधरा दिवसांनी मारायचे आहे त्याला तोवर माणसासारखे ठेवायचे, हा कायद्याचा सर्वांत अवघड भाग आहे आणि तो न्यायाधीश पाळीत नाही, पहारेकरी पाळतो. कुरआनात सूरह अद्-दहरमध्ये भल्या माणसांची ओळख सांगताना गरीब, अनाथ आणि कैदी या तिघांना खाऊ घालण्याचा उल्लेख येतो. कैदी त्या यादीत आहे याकडे आम्ही मुलांचे लक्ष वेधतो, कारण पहिल्या दोघांची कणव कोणालाही येते. बद्रच्या लढाईनंतर (इ. स. ६२४) ज्या कैद्यांकडे खंडणी द्यायला पैसे नव्हते पण अक्षरओळख होती, त्यांनी मदिनेच्या मुलांना लिहायला शिकवावे आणि सुटावे, अशी रिवायत आहे. शिक्षकाला ही गोष्ट विशेष आवडावी यात नवल नाही. पण त्या मुलांच्या आयांना पहिल्या दिवशी काय वाटले असेल? काल तलवार घेऊन आलेला माणूस आज आपल्या मुलाचा हात धरून अलिफ काढवतो आहे. नरमी दाखवायची तर धोका पत्करावाच लागतो, हे त्या आयांनाही कळले असणार.

आपल्याकडे हाच धोका कोणी जाणूनबुजून पत्करला असेल तर तो औंध संस्थानाने. १९३९ च्या सुमारास तिथे आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत निघाली. खुनाची शिक्षा झालेले कैदी तिथे भिंतीवाचून शेती करीत. त्याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. त्यातला जेलर आदिनाथ शेवटी मरतो, पण कैद्यांच्या हातून नाही. बाजारातल्या लोभी व्यापाऱ्याने सोडलेल्या बैलांशी झुंजताना मरतो. कथेची ती सोय झाली. जेलरचा विश्वास खरा ठरला आणि मरण बाहेरून आले. लिंकनच्या जिन्यावर ही सोय नव्हती. ज्याच्यावर विश्वास टाकला त्यानेच मारले. त्यामुळे नैतिक प्रश्न म्हणून बेलचे मरण आम्हाला आदिनाथच्या मरणापेक्षा अवघड वाटते.

दुसरा प्रश्न कैद्याचा. ज्याला मरणाची शिक्षा झाली त्याने पळू नये, असे कोण म्हणेल? इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने १६५१ च्या 'लेव्हायथन' या ग्रंथात साफ लिहिले आहे की, जो आपला जीव घ्यायला येतो त्याला विरोध करण्याचा हक्क माणूस कोणत्याही कराराने सोडू शकत नाही. म्हणून तर गुन्हेगाराला हत्यारबंद शिपायांच्या पहाऱ्यात नेतात. तो राजीखुशीने चालत येईल असे कायदा स्वतःच धरून चालत नाही. शिवाय बिलीची एक रास्त तक्रार होती. मार्च १८७९ मध्ये गव्हर्नर ल्यू वॉलेस त्याला लिंकनमध्ये गुपचूप भेटले होते. एका खुनाच्या खटल्यात साक्ष दे, तुझ्यावरचे खटले काढून टाकतो, असा शब्द त्यांनी दिला. बिलीने साक्ष दिली. शब्द पाळला गेला नाही. १८८१ च्या मार्चमध्ये त्याने सांता फेच्या तुरुंगातून गव्हर्नरांना पत्रे पाठवली, त्यांचे उत्तर आले नाही. हे वॉलेस म्हणजे 'बेन-हर' कादंबरीचे लेखक. ती १८८० सालीच प्रसिद्ध झाली होती आणि तीत निष्पाप माणसाच्या कैदेची मोठी कहाणी आहे. माणूस कागदावर इतका दयाळू आणि टपालाच्या बाबतीत इतका आळशी असू शकतो!

तर शब्द मोडला होता. पण कोणी? बेलने नव्हे. बेलने बिलीला काही कबूल केले नव्हते, त्याच्याकडून काही घेतले नव्हते. गव्हर्नराचे देणे शिपायाकडून वसूल करायचे, हा व्यवहार आपल्याला अनोळखी नाही. सरकारवर चिडलेला जमाव बसच्या वाहकाला मारतो. रुग्णालयात औषध नसते म्हणून परिचारिकेच्या कानाखाली वाजते. सत्ता लांब असते, हाताशी फक्त तिचा पगारी माणूस सापडतो. तो माणूस निर्दोषच असतो असे नाही. पण ज्या गोष्टीबद्दल त्याला मारले जाते तिच्यात त्याचा दोष बहुधा नसतो.

बिलीने मागाहून ओळखीच्या लोकांना सांगितल्याचे नमूद आहे की, बेलला मारायची माझी इच्छा नव्हती, तो पळाला म्हणून मारावे लागले. आम्ही भाषा शिकवतो, म्हणून इथे थोडे थांबतो. मराठीतले 'लागणे' आणि उर्दूतले 'पड़ना' ही क्रियापदे मोठी सोयीची आहेत. 'मारले' म्हटले की कर्ता पुढे येतो. 'मारावे लागले' म्हटले की कर्ता मागे सरकतो आणि कोणीतरी अदृश्य पुढे येऊन उभा राहतो. या 'लागले'त काही खोटे नाही, असे आम्ही एक वेळ मानू. बेल खाली गेला असता तर आरडाओरडा झाला असता, ओलिंजर आला असता, फाशी ठरलेली होती. पण जीव वाचवण्याचा हक्क म्हणजे मधे येणाऱ्या प्रत्येकाच्या जिवावरचा हक्क नव्हे. हॉब्जचा हक्क आपल्याला मारायला येणाऱ्याविरुद्ध आहे. बेल त्या क्षणी मारायला येत नव्हता; बिलीच्याच शब्दांवर विश्वास ठेवला तर तो पळत होता. पळणाऱ्याला मारले तेव्हा बिलीच्या हक्काची हद्द संपली होती, असे आमचे मत आहे. वाचकांपैकी काही जण सहमत होणार नाहीत. ते म्हणतील, जिन्यावर एका श्वासात एवढे तोलायला वेळ कुठे असतो? वेळ नव्हता हे खरे. पण हा हिशेब जिन्यावर मांडायचा नसतो. बंदूक जवळ बाळगण्याच्या पहिल्या दिवशीच तो मांडायचा असतो.

सॉक्रेटिसही मरणाच्या शिक्षेचा कैदी होता. मित्रांनी पळण्याची तयारी करूनही तो पळाला नाही. त्याचे कारण शाळेच्या पुस्तकांत कायद्याचा आदर असे दिलेले असते. पण प्लेटोने त्याच्या शेवटच्या दिवसाचे वर्णन केले आहे, त्यात एक लहानसा प्रसंग आहे जो पुस्तकांत येत नाही. विषाची वेळ झाली हे सांगायला तुरुंगाचा माणूस आत येतो. इतर कैदी मला शिव्याशाप देतात, तू देणार नाहीस हे मला ठाऊक आहे, अशा अर्थाचे काही बोलतो आणि रडत तोंड फिरवून निघून जातो. सॉक्रेटिस त्याची मित्रांपाशी तारीफ करतो. तो रोज येऊन आपल्याशी बोलत बसे, असेही सांगतो. त्या माणसाचे नाव प्लेटोने दिलेले नाही. तरी कैदी आणि पहारेकरी यांच्यात काय शक्य असते ते तिथे दिसते. मारणारा कोण आणि निरोप आणणारा कोण, यातला फरक सॉक्रेटिसला कळत होता. एकवीस वर्षांच्या बिलीकडून सॉक्रेटिसची अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल हे आम्ही जाणतो. पण ओलिंजर आणि बेल यांच्यातला फरक तर त्यालाही कळत होता, आणि तो त्याने तोंडाने बोलूनही दाखवला. कळूनही जिन्यावर त्या कळण्याचा उपयोग झाला नाही.

बिली पुढे फार जगला नाही. १४ जुलै १८८१ च्या रात्री फोर्ट समनर येथे गॅरेटने त्याला एका अंधाऱ्या खोलीत गोळी घातली. त्यानंतर त्याच्यावर पुस्तके आली, चित्रपट आले. शतकभराहून अधिक काळ उलटल्यावर, वॉलेसने दिलेला शब्द पाळून बिलीला मरणोत्तर माफी द्यावी अशी मागणी न्यू मेक्सिकोच्या गव्हर्नरांपुढे आली. बिल रिचर्डसन यांनी विचार केला आणि ३१ डिसेंबर २०१० रोजी, पदावरच्या शेवटच्या दिवशी, माफी नाकारली. गॅरेट आणि वॉलेस यांच्या वंशजांनी माफीला विरोध केला होता. म्हणजे शेरीफच्या बाजूने बोलायला कोणी होते, गव्हर्नरांच्या बाजूने होते, बिलीच्या बाजूने तर होतेच. बेलचे नाव त्या गदारोळात बिलीने मारलेल्यांच्या यादीपुरते आले.

लिंकनची ती कचेरी आता जपून ठेवलेले ऐतिहासिक स्थळ आहे. ऑगस्टमध्ये गावात उत्सव भरतो आणि बिलीच्या पलायनाचे नाटक उघड्यावर होते. लोक लांबून येतात. म्हणजे दर वर्षी बेल पुन्हा मरतो, आणि प्रेक्षक ज्याची वाट पाहत असतात तो प्रसंग त्यानंतरचा असतो. आम्ही यात लिंकनच्या लोकांना दोष देत नाही. आपल्याकडेही डाकूंचे पवाडे आहेत, हवालदारांचे नाहीत. बंडखोराकडे गोष्ट असते. पगारावर उभ्या असलेल्या माणसाकडे फक्त पाळी असते, सकाळची किंवा रात्रीची. शिवाय पहाऱ्यावरचा माणूस ज्या सत्तेचा, ती नेहमी न्यायाची असतेच असे नाही, हे आपल्या लोकांना सांगायला नको. तुरुंगात कोण जास्त आणि का जास्त, हा प्रश्न आम्हीही विचारतो आणि विचारत राहू. पण तो विचारताना, रात्रपाळीच्या एका बऱ्या माणसाला त्या सत्तेच्या खात्यावर खर्ची टाकण्याची मुभा आपल्याला मिळते का? आम्हाला वाटते, मिळत नाही.

गाऊसबद्दल मात्र आम्ही अजून कोणत्याही निर्णयाला आलेलो नाही. तो पूर्वी टन्स्टॉलकडे कामाला होता, बिली त्याच्या ओळखीचा. बेल त्याच्या हातांत मेला. आणि त्याच गाऊसने थोड्या वेळाने, बेड्या तोडण्यासाठी, बिलीला खालून कुदळ फेकून दिली आणि त्याच्यासाठी घोडा आणून दिला. भीतीने दिला की प्रेमाने, हे त्याचे त्यालाही नीट सांगता आले असते की नाही कोण जाणे. रस्त्यावर इतरही माणसे उभी होती. कोणी पुढे आले नाही. बेडी तोडायला वेळ लागत होता, जवळजवळ तासभर तो मुलगा तिथेच होता आणि आवारात बेल पडलेला होता.

घोडा बर्ट नावाच्या कारकुनाचा होता. जाताना बिलीने निरोप ठेवला की, घोडा परत पाठवीन. पुढे तो घोडा दोरी ओढीत गावात परत आला.